नऊ पायांचं बटण

गिटारच्या पेडलला हार घातलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला.

मंगल कार्यालयाच्या स्टेजवर पाट मांडला होता, पाटावर लाल कापड आणि कापडावर ती निळी डबी. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडी लहानच. तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं, पायाने दाबायच्या बटणाला झेंडूची माळ गुंडाळलेली, पुढे फोडलेला नारळ. पाटामागे अभिनंदन चौगुले फोटोसाठी मांडी घालून बसला होता.

"इरफान, नीट घे रे. लाइट दिसली पाहिजे."

"लाइट लागलीच न्हाई की अजून."

"मग थांब. अडॅप्टर लावतो."

इरफान मुल्लाणी आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. त्याने मोबाइल तसाच हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. मी हॉलच्या दारात उभी होते. त्या डबीच्या पोटातला बोर्ड मी बनवला होता, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'चौगुले कस्टम'.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची कोल्हापूरची गोष्ट. ऑर्केस्ट्राचं नाव 'नवतारा', मालक हिंदुराव मगदूम. गणपतीच्या आधी दरवर्षी ट्रायल व्हायची. सगळी वाद्यं मांडायची, पूजा करायची आणि मग सीझनमधली गाणी एकदा वाजवून बघायची. अभिनंदन हा हिंदुरावांचा जावई. बंगळुरातली नोकरी सोडून आला होता. येताना दोन गिटारी आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवरचं मत घेऊन आला होता. गिटारी बऱ्या होत्या.

आणि माझे वडील बळवंत साळोखे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते ऑर्केस्ट्राचा साऊंड बघायचे. ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यापासून मिक्सरच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. ट्रायलला ते हॉलच्या शेवटी खुर्ची टाकायचे आणि स्टेजकडे पाठ करून बसायचे. वाजवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, बोटं बघायची नाहीत. काय कमी, काय जास्त, ते तिथूनच ओरडून सांगायचे. नवीन आलेल्या माणसाला हा अपमान वाटायचा, आणि आबांना तसं वाटलेलं आवडायचं. माणूस म्हणून ते भलतेच आढ्यताखोर होते. घरात आईने आमटी वाढली तरी पहिल्या घासाला 'मधला आवाज कमी हाय' म्हणायचे.

आदल्या वर्षी गडहिंग्लजकडच्या एका कार्यक्रमात हिंदुरावांनी मागून चार हाका मारल्या आणि आबांनी मान वळवली नाही. तेव्हापासून सुरू झालं, आबांचे कान गेले. बोललेलं त्यांना कमी ऐकू यायचं हे खरंच होतं. डॉक्टरांनी मशीन लावा म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "मला गाणं ऐकू येतंय. माणसांचं न ऐकून काय नुकसान हाय?" हे उत्तर ज्याला त्याला ऐकवत फिरले, आणि ज्याने त्याने ते हिंदुरावांपर्यंत पोहोचवलं. अभिनंदनला मिक्सरवर आपला बंगळुरातला मित्र बसवायचाच होता. शेवटी हिंदुरावांनी मला बोलावून सांगितलं, "उर्मिला, ट्रायलला बघू. कान ठीक असलं तर तेच बसतील. न्हाईतर सन्मानानं घरी पाठवू." मी आबांना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता फक्त "बरं" म्हटलं, आणि त्या रात्री दुसरी भाकरी घेतली नाही.

पेडलचं सुरू झालं ते त्याच्याही आधी. गिटार आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प यांच्या मध्ये ही डबी ठेवतात. बटण पायाने दाबलं की गिटारचा आवाज आतल्या बोर्डातून फिरून जातो, पुन्हा दाबलं की बोर्डाला वगळून सरळ जातो. चालू आहे की बंद, ते कळायला एक छोटा दिवा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि घरी अ‍ॅम्प दुरुस्त करायचे. अभिनंदनला बाहेरच्या देशातलं महाग पेडल नको होतं. त्याला 'स्वतः बनवलेलं' हवं होतं, म्हणजे मी बनवलेलं. जुन्या गाण्यांतल्या गिटारला जसा जाडसर, गोड आवाज असतो तसा हवा म्हणाला. तो आवाज मी आणि आबांनी मिळून शोधला. मी एकेक भाग बदलायचे, शेजारचा पोरगा गिटार छेडायचा, आणि आबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "घशात अडकालंय. अजून मोकळं कर." एका संध्याकाळी ते काहीच बोलले नाहीत. मी समजले, झालं.

अभिनंदन बोर्ड न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "आतलं सगळं झालंय, दादा. स्विच, दोन जॅक आणि लाइट जोडायची राहिलीय. उद्या देते."

"ते राहू दे. तेवढं मी करतो."

"तुम्ही?"

"वायरिंगच तर आहे! मग पेडल मी बनवलं असं म्हणता येतं ना."

म्हणता येतं. कुकरला शिट्टी लावली की भात आपण केला असंही म्हणता येतं. पण मालकाचा जावई. मी बटण उलटं करून त्याच्यासमोर धरलं.

"हे बघा, याला नऊ पाय आहेत. तीन तीनच्या तीन ओळी. मधले तिन्ही पाय कायमचे, ते बटण दाबलं की एकदा इकडे चिकटतात, एकदा तिकडे. पहिल्या दोन ओळी आवाजाच्या. तिसरी फक्त लाइटची. लाइटची वायर कुठल्या बाजूच्या पायावर..."

"उर्मिला," तो हसून म्हणाला, "इंटरनेटवर सगळं आहे गं."

मग मी गप्प बसले. ज्याला सगळं इंटरनेटवर मिळतं त्याला मी कशाला देऊ?

तर ट्रायलचा दिवस. फोटो काढून झाले. हिंदुराव पुढच्या सोफ्यावर बसले. आबा शेवटी खुर्ची टाकून, स्टेजकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ट्रायलला ते कधी असा शर्ट घालत नसत. अभिनंदनने गिटारची पिन खोचली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "उर्मिला, चहाचं सांगून ये ना जरा."

मुलगी मी एकटीच होते, म्हणजे चहा मीच सांगायचा. मी सांगायला गेले.

परत येताना जिन्यातच मला हसणं ऐकू आलं. आत आले तर स्टेजवरचे सगळे हसत होते, हिंदुरावही. आबांची पाठ तशीच ताठ होती.

"परत बघा हां आबा," अभिनंदन मोठ्याने म्हणाला. त्याने बटण दाबलं. डबीवरचा लाल दिवा लागला. त्याने गिटारवर एक जुनी धून वाजवली.

"कोरडं!" आबा मागून ओरडले. "पातळ ताक झालंय. काढ ते!"

हसण्याची लाट उठली. कीबोर्ड वाजवणाऱ्या सिंथवाल्याने तर डोकं सिंथवरच टेकवलं.

"आबा, आत्ता तर पेडल चालू आहे!" अभिनंदन म्हणाला. "हा वॉर्म टोन आहे, गरम आवाज. बंद करून दाखवू?" त्याने बटण दाबलं, दिवा विझला, तीच धून वाजली. सिंथवाल्याने तोंड वाकडं केलं. हिंदुरावांनी मान हलवली.

"ह्ये!" आबा म्हणाले. "ह्येच ठेव. आता कसं भरून आलं."

आता हसायला कोणाला दम राहिला नव्हता. हिंदुराव डोळे पुसत उठले. "ऱ्हाऊ दे आता, अभिनंदन," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाची किती थट्टा करायची. समजलं सगळ्यांना."

मला तर पहिल्या चार सुरांतच समजलं होतं. तो आवाज मी महिनाभर घासून घासून काढला होता, तो मी झोपेतसुद्धा ओळखला असता. दिवा लागला होता तेव्हा तो नव्हता, आणि दिवा विझला होता तेव्हा होता. या बंगळुरी शहाण्याने दिव्याची वायर उलट्या बाजूच्या पायावर लावली होती. स्टेजवरची सगळी मंडळी, जन्मभर वाजवणारी, दिव्याकडे बघून ऐकत होती. कोऱ्या गिटारला 'काय गरम आवाज' म्हणत होती आणि माझ्या पेडलला तोंड वाकडं करत होती. हॉलमध्ये ज्याला दिवा दिसत नव्हता असा एकच माणूस होता.

"डबी उघडा," मी म्हटलं. "वायर चुकलीय."

अभिनंदनने डबीवर हात ठेवला. "काही चुकलेलं नाही. आठवडाभर घरी वाजवतोय मी. आणि पूजा झालीय. हळदीकुंकू लागलंय, आता सीझन संपेपर्यंत ती उघडायची नाही."

"व्हय, पूजेची वस्तू हाय," हिंदुराव म्हणाले. "आता उघडायची न्हाई."

हे खरं नव्हतं. मागच्या वर्षी पूजा झालेला ड्रम दुसऱ्याच दिवशी फाडून नवं कातडं चढवलं होतं. पण भांडण्यात अर्थ नव्हता.

"बरं, नका उघडू. दिवा लावा आणि वाजवत राहा. थांबू नका."

"कशाला?"

"दादा, घाबरताय काय?" हे इरफान बोलला. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

अभिनंदनने दिवा लावला आणि वाजवायला लागला. मी वाकून अडॅप्टरची पिन डबीतून उपटली. दिवा विझला. गिटार वाजत राहिली, जशीच्या तशी, एका केसाचाही फरक नाही.

"करंट काढला," मी म्हटलं. "आत वीज नाही. तुमचा गरम आवाज कोण काढतंय मग?"

अभिनंदन वाजवायचा थांबला.

"थांबू नका म्हटलं ना." मी पिन परत लावली, बटण दाबलं. दिवा विझलेला. "आता हे तुमचं बंद पेडल. वाजवा."

तो वाजवायला लागला. बोटं जरा अडखळत होती. मी पिन उपटली. आवाज घरघरला, बारीक झाला आणि मेला. त्याची बोटं तारांवर फिरत होती आणि स्पीकरमधून काही येत नव्हतं. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज राहिला.

"बंद पेडलला करंट कशाला लागतो हो दादा?" इरफानने विचारलं. अगदी भोळेपणाने विचारलं.

आबांनी अजून मान वळवली नव्हती. मी त्यांच्यापर्यंत गेले, समोर उभी राहून मोठ्याने सांगितलं, "आबा, दिवा उलटा जोडलाय. तुम्ही बरोबर सांगत होता." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठले, खुर्ची फिरवली आणि स्टेजकडे तोंड करून बसले.

आता पूजेचं कोणाला आठवलं नाही. हिंदुरावच म्हणाले, उघड. मी झाकण काढलं, इरफानच्या पेटीतली सोल्डरगन तापवली, दिव्याची वायर त्या पायावरून काढून समोरच्या पायाला डाख दिला. चहा येईपर्यंत झालं. अभिनंदनने वाजवलं. या वेळी दिवा लागला तेव्हा खरोखर माझा बोर्ड बोलत होता.

"वा!" सिंथवाला म्हणाला. "आता गरम लागतंय!"

मघाशी त्याने याच आवाजाला तोंड वाकडं केलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला काही आठवत नव्हतं. सगळे माना डोलवत होते. उद्या त्या डबीत नुसता दिवा ठेवून तो लावला असता तरी या माना अशाच डोलल्या असत्या.

हिंदुरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "आबा, तुमचं कान शाबूत हाईत," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी आबांना हाताला धरून कोपऱ्यात नेलं, काहीतरी खासगी बोलायला. आता आबांशी खासगी बोलणार कसं?

"आबा, जावई हाय माझा," हिंदुराव हळूच म्हणाले.

"काय?"

"जावई हाय म्हटलं माझा!"

"ते म्हाईत हाय की. लग्नात साऊंड मीच बघितला हुता."

"त्येला आज सगळ्यांम्होरं खाली बघाय लागलं. आता त्यो वाजवणार आणि तुम्ही चुका काढणार, हे जमायचं न्हाई. पोरगी मला घरात घ्यायची न्हाई."

"कोण घ्यायचं न्हाई?"

"पोरगी, पोरगी!"

एव्हाना आख्ख्या हॉलने ऐकलं होतं. अभिनंदन गिटारच्या खुंट्या पिळत बसला होता. हिंदुरावांना घाम आला. "तुमचा सत्कार करू की गणपतीत," ते जवळजवळ ओरडले. "शाल देऊ, फेटा बांधू!"

आबांनी विचार केल्यासारखं केलं. "फेटा नको," ते म्हणाले. "कान झाकत्यात त्यानं."

म्हणजे कान गेले असते तरी आबा घरी, आणि कान शाबूत निघाले म्हणूनही घरीच. जावयाला चूक दाखवली की सासऱ्याची अब्रू जाते, आणि ती भरून द्यायला आबांची खुर्ची. असला हिशेब मला कुठल्या कॉलेजात शिकवला नव्हता. हिंदुरावांसारख्या माणसाची आजही मला कीव येत नाही. किळस येते.

मी स्टेजवर गेले. सोल्डरगन अजून गरम होती. मी डबीचं झाकण पुन्हा काढलं, माझ्या बोर्डाच्या चारही वायरी सोडवल्या आणि बोर्ड रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मग दिव्याची वायर मूळच्या पायावर नेली, जिथे अभिनंदनने ती लावली होती, आणि चांगला पक्का डाख दिला.

"हे काय करतेयस?" तो म्हणाला.

"स्विच, जॅक आणि लाइट तुम्ही जोडली होती, ती तुमची तुम्हाला. तुम्ही जोडली होती तशीच ठेवलीय. झाकणावर नावही तुमचंच आहे."

"आणि पेडल?"

"दिवा लावून बघा ना. सगळ्यांना आवडतं तेच वाजेल."

इरफानने नंतर सांगितलं की त्या गणपतीत अभिनंदनने ती रिकामी डबी पायाशी ठेवली होती, दिवा लावलेला. दिवा विझवायची सोय नव्हती, विझवला की गिटारच मुकी व्हायची. एका मंडळाच्या अध्यक्षाने गिटारच्या टोनबद्दल त्याला स्टेजवर पुढे बोलावून गुलाब दिला. मित्र आला बंगळुरातून मिक्सरवर, तो दिवाळीपर्यंत टिकला. मला या बातम्यांनी फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी आनंदाचं काही नव्हतं. मी आबांना गाडीवर मागे बसवून घरी निघाले. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आईवर काढतील, आमटीवर काढतील. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते माझ्या खांद्यापाशी वाकले. हळू बोलणं त्यांना जमत नसेच, त्यामुळे शेजारचा रिक्षावालाही बघायला लागला.

"उर्मे, मघाशी ती हसली न्हवं सगळी," आबा म्हणाले, "तवा मला वाटलं, खरंच गेलं की काय कान. म्हटलं, एवढी सगळी कशी चुकतील? मीच भैरा झालो असंन."

आयुष्यात त्यांच्या तोंडून 'मी चुकलो असेन' असलं काही मी ऐकलं नव्हतं. मला मागे वळून बघवेना.

"मग तरी परत परत तेच का सांगत होता?" मी ओरडून विचारलं. "ते म्हणतील त्याला हो म्हटलं असतं, तर खुर्ची राहिली असती."

"मला तसंच ऐकू येत हुतं," ते म्हणाले. "दुसरं काय सांगू?"

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. सिग्नल सुटला, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. आबांना ते ऐकू येत नव्हते, आणि मीही गाडी लगेच काढली नाही.